चरबीला शिक्का नव्हता

लॉर्ड रॉबर्ट्‌सच्या आठवणी १८९७ साली छापून आल्या. 'फॉर्टी-वन इयर्स इन इंडिया' हे त्या पुस्तकाचं नाव. त्यात त्याने एक विधान बेधडक करून टाकलं आहे. १८५७च्या काडतुसांना जे वंगण लावलं होतं त्यात गाईची आणि डुकराची चरबी खरोखरच होती, आणि फॉरेस्टने सरकारी दप्तरातून बाहेर काढलेल्या कागदांनी हे सिद्ध झालं आहे, असं तो लिहितो. हा माणूस तरुणपणी दिल्लीच्या वेढ्यात लढलेला, पुढे हिंदुस्थानचा सरसेनापती झालेला. शिवाय हे विधान त्याच्या स्वतःच्या सरकारच्या विरुद्ध जाणारं. त्यामुळे ते उचललं गेलं आणि आजतागायत फिरतं आहे.

ज्याच्या नावावर हे विधान उभं आहे तो जॉर्ज विल्यम फॉरेस्ट महाराष्ट्रातल्या अभ्यासकांना परका नाही. मुंबई सरकारच्या दप्तरखान्याचा तो प्रमुख होता आणि मराठ्यांविषयीचे कागद निवडून त्याने १८८५ साली छापले होते. पुढे कलकत्त्याला गेल्यावर लष्करी खात्यातल्या १८५७-५८च्या कागदांचं काम त्याने हाती घेतलं आणि पहिला खंड १८९३ साली निघाला. रॉबर्ट्‌सच्या हाताशी होता तो हाच. पण हा खंड उघडून काडतुसांचे कागद ओळीने वाचले, तर रॉबर्ट्‌स जिथे पोचला तिथवर ते जात नाहीत. ते एक पाऊल अलीकडे थांबतात. त्या एका पावलाचा हा मागोवा आहे. तो घ्यायचा तर आधी बंदूक आणि तिचं काडतूस समजून घ्यायला हवं. चरबीचा प्रश्न नळीच्या आतून निघाला आहे.

बंदूक म्हणजे १८५३च्या नमुन्याची एन्फिल्ड रायफल. ठासणीची, तोंडाकडून भरायची. नळी ३९ इंच लांब, तिला लाकडी दस्त्याशी जखडणाऱ्या तीन पट्ट्या, वजन सुमारे साडेनऊ पौंड. आतला व्यास ०.५७७ इंच, म्हणजे साडेचौदा मिलिमीटरच्या किंचित वर, आणि त्यात तीन सर्पिल खाचा. ७८ इंचांत एक वळसा इतकी त्यांची पिळण मंद. मागची मक्षी शिडीसारखी उचलता येणारी, ९०० यार्डांपर्यंत आकडे कोरलेली.

अशी बंदूक संग्रहालयात किंवा लिलावात समोर आली की जाणकार आधी घोड्यामागची चापाची पोलादी पट्टी पाहतात. तिथे मुकुट आणि व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरं असतात. पुढे साल असतं आणि 'टॉवर' किंवा 'एन्फिल्ड' असा शब्द. 'टॉवर' असेल तर ती बहुतेक बर्मिंगहॅमच्या कंत्राटदारांनी सुटे भाग हातांनी घासून जुळवलेली. एन्फिल्डच्या सरकारी कारखान्यात अमेरिकी यंत्रांवर भाग एकसारखे निघू लागले ते १८५७-५८च्या सुमारास. कंपनी सरकारने स्वतःसाठी घेतलेल्या हत्यारांवर मागच्या पायांवर उभा असलेला, मुकुट धरलेला सिंह दिसतो. कंपनी गेल्यावर इंडिया स्टोअर्स डिपार्टमेंटची आद्याक्षरं आली. नळीच्या बुडाशी दाबचाचणीच्या खुणा, दस्त्यात खोलवर मारलेले तपासनिसांचे शिक्के, आणि सरकारने बंदूक विकून टाकली असेल तर टोकाला टोक भिडवलेले दोन बाण. पट्टीवरच्या सालावर मात्र फार विसंबू नये. दुरुस्तीत पट्ट्या बदलल्या जात, आणि पट्टीचं साल एक, नळी दुसऱ्याच बंदुकीची, अशी सरमिसळ नेहमीची आहे. या खुणांचा सगळ्यांत सविस्तर अभ्यास डेव्हिड हार्डिंगने केला. कंपनीच्या छोट्या हत्यारांवरचे त्याचे चार खंड कंपनीच्याच कागदपत्रांवर बेतलेले आहेत, आणि बंदूक ओळखणं हे मुळात दप्तर वाचण्याचं काम आहे हे त्यांतून चांगलं कळतं.

एन्फिल्डच्या आधी शिपायांच्या हाती जी बंदूक होती तिची नळी आतून गुळगुळीत. व्यास पाऊण इंच, आणि गोळी त्याहून बरीच लहान: नळी ०.७५३ इंच तर गोळी ०.६९च्या आसपास. म्हणजे दीड मिलिमीटरहून अधिक फट. काडतुसाचं टोक दातांनी फाडायचं, दारू ओतायची, गोळी कागदासकट आत टाकून गजाने ठासायची. ती घरंगळत खाली जाई. तिला वंगणाची गरज नव्हती. कागद दातांनी फाडण्याची ही रीत कित्येक पिढ्यांच्या अंगवळणी पडलेली होती आणि तिच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती, ती याच कारणाने.

एन्फिल्डच्या गोळीचा व्यास ०.५६८ इंच. नळीशी फरक पाव मिलिमीटरही नाही, आणि त्यातलीही बरीचशी जागा कागदाचा वेढा खाऊन टाकतो. प्रिचेटच्या धर्तीची ही लांबट, निमुळत्या तोंडाची, मऊ शिशाची गोळी होती. वजन ५३० ग्रेन, साधारण ३४ ग्रॅम. बार उडाला की तिचं बूड फुगून खाचांत बसे आणि ती पीळ घेत बाहेर पडे. याच गुणामुळे ती दूरवर अचूक जाई. पण काळ्या दारूची काजळी नळीत साचते. दहा-वीस बार झाले की पाव मिलिमीटरची फट बुजते आणि गज कितीही हाणला तरी गोळी खाली उतरत नाही. म्हणून वंगण. खाचांची अचूकता हवी तर घट्ट गोळी हवी, आणि घट्ट गोळी हवी तर चरबी हवी. चुकीच्या हेतूचा शोध घेण्याआधी ही यांत्रिक साखळी ध्यानात घेतलेली बरी.

काडतूस बांधण्याची कृती इंग्लंडहून लेखी आलेली होती. जाड कागदाची सुरळी, तिच्यावर समलंब चौकोनी आकारात कापलेल्या कागदांचे वेढे, सगळं एका लाकडी दांड्यावर गुंडाळायचं. सुरळीत अडीच ड्रॅम दारू. गोळी उलटी, म्हणजे तिचं निमुळतं तोंड दारूच्या बाजूला आणि बूड बाहेर. दारूकडचं टोक पिळून बंद करायचं, आणि गोळीकडचं टोक वितळलेल्या चरबी-मेणाच्या मिश्रणात बुडवून काढायचं. भरताना शिपाई पिळलेलं टोक फाडी, दारू ओती, काडतूस उलटं करून वंगण लावलेलं टोक नळीच्या तोंडात गोळीभर सारी, उरलेला कागद तोडून टाकी आणि गज चालवी.

म्हणजे दात लागतात एका टोकाला आणि चरबी असते दुसऱ्या टोकाला. पुढे बऱ्याच इंग्रज लेखकांनी या तपशिलावर भर दिला. मला त्यात फारसं तथ्य वाटत नाही. वंगण लावलेलं टोक बोटांत धरावंच लागे, आणि उन्हाळ्यात थैलीतल्या काडतुसांची चरबी ठरवून दिलेल्या हद्दीत राहात नसणार. उष्णतेने वंगणाचं काय होतं हा प्रश्न सरकारलाही पडला होता. पहिला कागद त्याचाच आहे.

१८५३ साली वंगण लावलेल्या काडतुसांचे नमुने हवामानाच्या परीक्षेसाठी इंग्लंडहून कलकत्त्याला आले. त्या वर्षीच्या डिसेंबरात बंगाल लष्कराचा अ‍ॅड्जुटंट-जनरल कर्नल हेन्री टकर याने लष्करी बोर्डाला लिहिलं की या वंगणात कोणाच्या धर्माला-जातीला बाधेल असं काही नाही याची खात्री नसेल, तर ही काडतुसं हिंदी पलटणींना देऊ नयेत, परीक्षा गोऱ्या शिपायांवरच करावी. इतका स्पष्ट इशारा, तोही तीन वर्षं आधी. काडतुसं फोर्ट विल्यम, कानपूर आणि रंगून इथे पाठवली गेली, पहाऱ्यावरच्या हिंदी शिपायांच्या ताब्यातही राहिली, आणि १८५५ साली अहवालांसह इंग्लंडला परत गेली. अहवाल वंगण टिकतं की नाही याबद्दल होते. शिपायांनी कुरकूर केली नाही. वंगण कशाचं आहे हे त्यांना कोणी सांगितलेलंच नव्हतं, तेव्हा या गप्प राहण्याचा अर्थ संमती असा लावता येत नाही. सरकारने मात्र तो तसाच लावलेला दिसतो.

१८५६ मध्ये रायफली येऊ लागल्या, आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला डमडम, अंबाला आणि सियालकोट इथे त्या शिकवण्याची केंद्रं उघडली. निरनिराळ्या पलटणींतून निवडक शिपाई तिथे आले. २२ जानेवारी १८५७ रोजी डमडमच्या केंद्रातल्या राइट नावाच्या अधिकाऱ्याने वर पत्र लिहिलं. खलाशाने शिपायाकडे लोटा मागितल्याची, आणि थोड्याच दिवसांत गाई-डुकराच्या चरबीचं काडतूस तोंडाला लावशील तेव्हा जात कुठे राहील, असं त्याने सुनावल्याची प्रसिद्ध गोष्ट या पत्रात आहे.

ही गोष्ट सांगणाऱ्यांनी पत्र सावकाश वाचलेलं नसतं. राइटने हा प्रसंग पाहिलेला नाही. मला असं सांगण्यात आलं, अशी पुस्ती त्याने जोडली आहे. खलाशी दारूगोळ्याच्या कोठाराकडचा होता. शिपाई दुसऱ्या ग्रेनेडियर पलटणीचा, एवढीच त्याची ओळख दिली आहे. पुढच्या कथनांत तो हटकून ब्राह्मण होतो. खलाशाचे शब्द उद्धृत केल्यावर 'किंवा अशाच अर्थाचं काहीतरी' असंही राइट सांगतो. म्हणजे आपल्या हाती आहे ती एका संवादाची ऐकीव बातमी. तिची किंमत कमी नाही. कोठारात राबणाऱ्या माणसाला काडतुसं कशात बुडवतात हे कवायतीच्या मैदानावरच्या अधिकाऱ्यापेक्षा अधिक ठाऊक असणार.

त्याच संध्याकाळी केंद्राचा प्रमुख मेजर बॉन्टीनने परेड बोलावली आणि तक्रार असेल त्याने पुढे यावं असं सांगितलं. निदान दोन-तृतीयांश लोक पुढे आले, त्यांत सगळे हिंदी अंमलदार होते. चरबीऐवजी मेण आणि तेल वापरावं, असा उपायही त्यांनी सुचवला. बराकपूरचा जनरल हिअर्सी याने लगोलग शिफारस केली की शिपायांना बाजारातून हवं ते जिन्नस आणू द्यावं. २७ जानेवारीला सरकारने ती मान्य केली. पाच दिवसांत तक्रार, चौकशी आणि मंजुरी! कंपनी सरकारच्या कारभारात इतकी तडफ क्वचितच आढळते.

याच सुमारास वंगण नक्की कशाचं, हा प्रश्न दारूगोळा खात्याचा प्रमुख कर्नल अ‍ॅबट याच्याकडे गेला. सगळ्या प्रकरणातला कळीचा कागद त्याचं उत्तर हाच आहे. मिश्रण चरबी आणि मेणाचं, विलायतेहून आलेल्या सूचनेप्रमाणे केलेलं. चरबी कोणत्या जनावराची? आक्षेपार्ह चरबी येऊ नये म्हणून काही विशेष खबरदारी घेतलेली दिसत नाही, असं अ‍ॅबट सांगतो. पुढे साक्षीतही त्याने तेच सांगितलं: तिच्यात गाईची चरबी असेलही, नसेलही. रॉबर्ट्‌सच्या ठाम वाक्याच्या मुळाशी आहे तो हा मजकूर.

नळीवर शिक्का होता, घोड्यावर होता, दस्त्यावर होता. कागदाचा आकार, शिशाचा कस, दारूचं वजन, सगळं लिहून ठरवलेलं होतं आणि तपासलं जात होतं. चरबी तेवढी नुसती 'चरबी' म्हणून खरेदी झाली. माझ्या मते १८५७चा सरकारचा खरा गुन्हा या न लिहिलेल्या ओळीत आहे. मुद्दाम धर्म बाटवण्याचा कट होता, असं दाखवणारा पुरावा या कागदांत नाही. पण कलकत्त्याच्या बाजारातली स्वस्त चरबी कोणत्या जनावरांची असते हे तिथल्या कोणाही पोराला ठाऊक असणार. लष्करी खात्याने विचारलं नाही, एवढंच. गव्हर्नर-जनरल कॅनिंगने फेब्रुवारीत विलायतेला लिहिलेल्या खासगी पत्रात तक्रार साधार निघाल्याचं कबूल केलं.

मंजुरी मिळाली तरी प्रकरण मिटलं नाही, आणि त्याला खुद्द खात्याचा हातभार लागला. वंगणाची मुभा जाहीर करायला अ‍ॅड्जुटंट-जनरलच्या कचेरीने हरकत घेतली. रायफल कंपन्यांतले हिंदी शिपाई वर्षानुवर्षं मेंढ्याची चरबी आणि मेण लावलेलं सामान वापरतच आहेत, मग आता मुभा दिल्याने उलट संशय वाढेल, असा तिचा युक्तिवाद. तो वरवर बिनतोड वाटतो. पण जुन्या ब्रन्सविक रायफलीत वंगण लागे ते गोळीभोवतीच्या चिंधीला. ती दातांकडे जातच नसे.

फेब्रुवारीत संशय चरबीवरून कागदावर सरकला. नवा कागद ताठ आणि चकचकीत होता. बराकपूरला ६ फेब्रुवारीला चौकशी बसली तेव्हा दुसऱ्या ग्रेनेडियर पलटणीतल्या साक्षीदारांनी सांगितलं की तो मेणकापडासारखा दिसतो, जाळला की तडतडतो. सरकारी रासायनिक परीक्षकाने कागद तपासला. तो बनवताना कसलाही स्निग्ध पदार्थ वापरलेला नाही असा निर्वाळा दिला. परीक्षक खरं बोलत होता. पण चरबीच्या बाबतीत ज्या सरकारला स्वतःच्या मालाची खात्री देता आली नव्हती, त्याच्या रसायनतज्ज्ञावर शिपायांनी का भरवसा ठेवावा?

२६ फेब्रुवारीला बहरमपूरच्या १९व्या पलटणीने काडतुसं नाकारली. ती होती बिनगोळीची, जुन्या धाटणीची, वंगणाचा थेंब नसलेली. आधीच्या पलटणीने मागे ठेवलेली आणि नव्याने आलेली अशा दोन खेपा एकत्र झाल्याने कागदाच्या रंगात फरक पडला होता, तेवढं पुरलं. मार्चमध्ये कवायत बदलून कागद हातांनी फाडण्याची रीत आणली. २४ एप्रिलला मीरतला तिसऱ्या घोडदळातल्या ९० जणांपुढे जी काडतुसं ठेवली तीही नेहमीचीच, घोडेस्वारांच्या आखूड बंदुकीची. एन्फिल्डशी त्यांचा संबंध नव्हता, आणि ती दातांनी फाडायचीही नव्हती. ८५ जणांनी नकार दिला. ९ मे रोजी सगळ्या छावणीसमोर त्यांच्या पायांत बेड्या ठोकल्या. पुढे १० मेला काय झालं ते सर्वांना माहीत आहे.

तेव्हा हिशेब असा लागतो: चरबी लावलेली काडतुसं फोर्ट विल्यममध्ये तयार झाली हे खरं, त्या चरबीची हमी कोणीच देऊ शकत नव्हतं हेही खरं, आणि ज्या काडतुसांवरून बहरमपूरला आणि मीरतला ठिणगी पडली ती त्यांतली नव्हती हेही तितकंच खरं. तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या मानायला बहुतेक लेखक तयार होत नाहीत. इंग्रजांना तिसरी प्रिय, आपल्याला पहिली.

मराठीत या घटनेची पहिल्या हाताशी जवळची आठवण आहे ती वरसईच्या विष्णुभट गोडसे यांची. बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची वार्ता ऐकून ते दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि वाटेत महूच्या बाजूला त्यांना शिपाई भेटले. काडतुसांची हकीकत त्यांच्या 'माझा प्रवास'मध्ये आहे. लिहिली ती घटनेनंतर सुमारे पाव शतकाने आणि छापली गेली १९०७ साली, चिंतामण विनायक वैद्यांच्या हातून, बरीच डागडुजी होऊन. मूळ बखर दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली प्रसिद्ध केली. डमडमला काय घडलं यासाठी ती पुरावा होत नाही. पण डमडमपासून शेकडो कोस दूर एका कोकणस्थ भिक्षुकापर्यंत ही बातमी कोणत्या रूपात पोचली यासाठी तिच्याइतका चांगला कागद नाही, आणि फॉरेस्टच्या खंडात असलं काही सापडत नाही.

यानंतरचा भाग तांत्रिक पुस्तिकांत आहे. चरबीतली आम्लं शिशाला खातात, गोळीवर थर चढतो आणि ती नळीत अडकते, हे अनुभवाने कळलं. शेवटी वंगणाचं प्रमाण पार उलटं केलं गेलं: पाच भाग मेण, एक भाग चरबी. बंडाच्या धामधुमीत गोऱ्या शिपायांनाच गोळी ठासताना इतका त्रास झाला की १८५९ साली गोळीचा व्यास ०.५६८वरून ०.५५० इंचावर आणला. डमडमच्या परेडवर पुढे आलेल्या लोकांनी मेणच सुचवलं होतं. त्यांची कारणं वेगळी होती, पण सल्ला बंदुकीच्या दृष्टीनेही बरोबर निघाला.

आणि हिंदी पलटणींना एन्फिल्ड मिळाली का? मिळाली, पण कशी, हे नळीत डोकावल्यावर दिसतं. १८५८च्या नमुन्याची म्हणून जी बंदूक त्यांच्यासाठी काढली ती बाहेरून एन्फिल्डच: तोच दस्ता, त्याच तीन पट्ट्या, तोच चाप. आतून मात्र खाचा खरवडून नळी गुळगुळीत केलेली, व्यास ०.५७७चा ०.६५६ झालेला. शिडीची मक्षी काढून तिथे एक साधा ठोकळा बसवलेला, कारण दूरचा नेम धरण्याचा प्रश्नच उरला नव्हता. खरवडल्याने नळीची भिंत धोकादायक इतकी पातळ झाली, म्हणून पुढच्याच वर्षी जाड नळीचा नवा नमुना काढावा लागला. गोऱ्यांच्या हाती मागून भरायची स्नायडर आली तेव्हा हिंदी शिपायांकडे खाचांची एन्फिल्ड गेली. गोऱ्यांना मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा यांना स्नायडर. एक पिढी मागे ठेवण्याचा हा पायंडा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालला. खडकीचा काडतुसांचा कारखाना निघाला १८६९ साली, म्हणजे स्नायडरच्या काळात. तिच्या काडतुसाला पितळी पत्र्याची पुंगळी होती आणि ते फाडावं लागत नसे.